बिनलोखंडाची म्होरकी

आमचा आखाडा, म्हणजे शेतातली गोठ्याची जागा, गावापासून अडीच-तीन किलोमीटर आत आहे. उन्हाळ्यात मोटारसायकल थेट म्हशींच्या दावणीपर्यंत जाते. आषाढ लागला की मात्र पाणंदीच्या वाटेवर पाऊल टाकायची सोय राहत नाही. काळी माती पायातली चप्पल ओढून घेते आणि ट्रॅक्टरसुद्धा नांगी टाकतो. आमच्या सहा म्हशी तिथं आखाड्यावर असतात आणि सकाळचं दूध सातच्या आत डांबरी रस्त्यावर डेअरीच्या गाडीत पडावं लागतं. म्हणून तीन वर्षांपूर्वी मालकांनी जनावरांच्या बाजारातून घोडी आणली. नवऱ्याला मी मालकच म्हणते. आमच्याकडं माझ्या वयाच्या बायका अजून तसंच म्हणतात.

घोडी तांबडी, कपाळावर पांढरा टिळा, सात-आठ वर्षांची. आधीचा धनी तिला लग्नाच्या वरातीत फिरवायचा. तिच्याबरोबर तिचा लगामही आला. लाल चामडं, पितळी चकत्या, बारीक आरसे, गालावर लोंबणारे गोंडे. ती आमच्या दारात टेम्पोतून उतरली तेव्हा लोक घोडी बघायच्या आधी लगामच बघत होते. मालक दोन पावसाळे तिच्यावर बसून दूध आणायचे. ती चालताना डोकं झटकायची, तोंड उघडं ठेवायची, जीभ एका बाजूनं बाहेर काढायची. लोक म्हणायचे, नखरेल हाय, वरातीत नाचून नाचून सवय लागलीय. मालकही तेच म्हणायचे आणि मीही तेच समजत होते. ते लपवून काही उपयोग नाही.

मागच्या पावसाळ्यात मालक गोठ्यातल्या ओल्या फरशीवरून घसरले. उजव्या पायाचं हाड मोडलं. परभणीला नेऊन आत सळई घातली आणि डॉक्टरांनी तीन महिने पाय टेकवायचा नाही म्हणून सांगितलं. घरी आणलं त्याच दिवशी ते खाटेवरून म्हणाले, "म्हशी तीन महिने सोयऱ्याकडं नेऊन बांधू."

मी म्हणाले, "म्हशी जाग्यावरून हलणार न्हाईत. ही सहा जनावरं दुसऱ्याच्या दावणीला गेली की दूध चोरतेत. मी जाते घोडीवर."

"तू?"

"मी."

ते हसले. त्यांचं चुकलं असं नाही, लग्नाला बावीस वर्षं झाली पण त्यांनी मला घोड्यावर कधी पाहिलं नव्हतं. माझे वडील हळद-मिरची घेऊन आठवडी बाजार करायचे. गळ्यात लिंग, डोक्याला पांढरा पटका आणि खाली एक ठेंगणं करडं तट्टू. बाजार नसेल त्या दिवशी ते तट्टू पाण्यावर न्यायचं काम माझ्याकडं असे, आणि पाण्यावर न्यायचं म्हणजे पाठीवर बसून न्यायचं हे मी ठरवलं होतं. आईला ते आवडत नसे. वडील काही म्हणत नसत. थंडीच्या दिवसांत लगामाची कडी ते आधी दोन्ही तळहातांत घोळून ऊन करायचे, मग तट्टाच्या तोंडात घालायचे. "गार लोखंड दाताला कसं लागतं, तूच चाखून बघ," असं एकदा म्हणाले होते. मी चाखलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे खुंटीवरचा लगाम घेऊन मी घोडीजवळ गेले. लगाम दिसताच तिनं डोकं इतकं वर नेलं की माझा हात पोचेना. ती मागं सरकत सरकत भिंतीला टेकली आणि तरी मागंच सरकत राहिली. मी वडिलांच्या पद्धतीनं ओठाच्या कोपऱ्यातून, जिथं दात नसतात तिथं अंगठा घातला. घोडी कळवळली. अंगठा बाहेर काढला तर त्याला रक्त होतं.

मी लगाम घेऊन दारात उजेडाला आले. पितळ आणि आरशांच्या खाली तोंडात जाणारी जी कडी होती, तिला बाभळीच्या काट्यांसारखी लोखंडी टोकं होती. एका कडीला आठ. काट्यांच्या मधे काळं काहीतरी वाळून बसलं होतं. मी परत आत गेले, घोडीचा ओठ हळूच वर केला. ओठाचे दोन्ही कोपरे फाटून भरलेले आणि पुन्हा फाटलेले होते. जिभेवर आडवा चर होता, बोट बसेल एवढा. मी दोन वर्षं तिला रोज गूळ-भाकर चारत होते आणि त्या तोंडात एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी चालतच आखाड्यावर गेले, धारा काढल्या, एक कॅन डोक्यावर घेऊन चिखल तुडवत रस्त्यावर आले. दुसऱ्या कॅनचं दही लावलं.

घरी आल्यावर मालकांपुढं लगाम ठेवला.

"काटे हायेत म्हणून तर थांबती ती," ते म्हणाले. "वरातीत फटाके वाजतेत, बँड वाजतो. तवा धरायची कशी?"

"तुमी तिच्या तोंडात बघितलं व्हतं का?"

त्यांनी एका काट्यावर अंगठा दाबून पाहिला. मग म्हणाले, "विकणाऱ्यानं दाखवलं न्हाई. म्याबी बघितलं न्हाई."

जिंतूरहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी बॅटरी लावून तोंड तपासलं आणि असल्या काटेरी कडीला कायद्यानं बंदी आहे, हे दोनदा सांगितलं. पोटॅशच्या पाण्यानं तोंड धुवायला सांगितलं, मलम दिलं. निदान दोन महिने तोंडात लोखंड नाही, साधं गुळगुळीत असलं तरी नाही, असं बजावलं.

"मग चालवू कशावर?" मी विचारलं.

"ते मला विचारू नका, ताई. तोंडात काही घालायचं नाही, एवढं मी सांगतो."

म्हणजे तोंडाबाहेरून चालवायची. वडिलांचं तट्टू पाण्यावर नेताना मी नुसत्या दोरीनं नेत असे, म्हणून हे होणारच नाही असं मला वाटलं नाही. कसं होतं ते मात्र शोधावं लागणार होतं.

आधी घरातल्या नायलॉनच्या दोरीची म्होरकी वळली. म्हशींना वळतो तशीच, नाकावरून एक वेढा आणि कानामागून एक. घोडीनं स्वतःहून डोकं खाली करून ती घालून घेतली. तेवढ्यानंच मला हुरूप आला. तिच्यावर बसून मी तीन दिवस दूध आणलं, हळूहळू, पाय अडखळत. पण डावीकडं वळवायला दोरी ओढली की सगळी म्होरकी डोक्याभोवती फिरायची आणि उजव्या गालावरची दोरी डोळ्यात जायची. तिसऱ्या दिवशी त्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. नाकावरचे केसही घासून गेले होते. मग सुती दोर आणला. तो पावसात भिजला, फुगला, आणि उन्हात वाळला तसा इतका आखडला की गाठ सुटेना. विळ्यानं कापून काढावा लागला, आणि कापताना घोडी हलू नये म्हणून मी तिच्या कपाळाला कपाळ लावून उभी राहिले.

नंतर बाजारातून बैलाची चामडी म्होरकी आणली. बैलाचं तोंड रुंद आणि आखूड, घोड्याचं लांब. पट्टा खाली सरकून नाकपुड्यांच्या वर जाऊन बसला. मी जरा ओढलं की घोडीचा श्वास फुरफुरायचा. तेव्हा मी स्वतःच्या नाकावरून बोट फिरवून पाहिलं. वर हाड, खाली मऊ. घोडीच्याही नाकावरून तसंच बोट फिरवलं. हाड कुठं संपतं ती जागा बोटाला स्पष्ट लागली. पट्टा त्या जागेच्या वरच बसायला हवा होता, आणि तो तिथं टिकून राहायला हवा होता.

दोरी विकणाऱ्यानं सांगितलं की वालूरला एक म्हातारे चाचा आहेत, त्यांच्या वडिलांपासून खोगीर आणि लगाम शिवायचं काम आहे. मी घोडीच्या डोक्याचं माप सुतळीवर गाठी मारून घेतलं, गाडी धरून वालूरला गेले.

चाचांचं दुकान म्हणजे घराच्या बाजूची एक खोली. त्यात बैलांच्या घुंगरांचे पट्टे आणि चेन दुरुस्तीला आलेली शाळेची दप्तरं टांगलेली. त्यांनी माझी सुतळी हातात घेतली, ओढून बघितली, परत दिली.

"सुतळीवर नाप घेतलाय व्हय? ही वल्ली झाली की आखडती. आन् घोड्याचं काम म्या सोडून दिलंय, बाई. कोणी करून घेत न्हाई."

"मला करून घ्यायचंय."

"टोपी शिवायची तर डोकं लागतं. घोडी आणा, मग बोलू."

मी येणार नाही या हिशोबानं ते बोलले होते हे मला कळत होतं. आमच्या गावाहून वालूर पायी अडीच तासांवर आहे. घरी येऊन मी मालकांना सांगितलं की गुरुवारी दूध घातलं की घोडी घेऊन चालले.

"एवढ्या लांब, रस्त्यानं? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाई घोडी घेऊन चालली."

गुरुवारी सैलसर दोरी घालून तिला घेऊन निघाले. माझ्या पिशवीत तो जुना लगाम आणि दोन भाकरी. अर्ध्या रस्त्यात मागून मुरुमाचा टिप्पर आला आणि अगदी जवळ येऊन त्यानं हॉर्न दाबला. घोडी एकदम उसळली. मी दोरीला लोंबकळले, तळहात सोलला. जितकं मी ओढावं तितकं ती ओढत होती, आणि तिची ताकद माझ्या दसपट. हात भाजत होता म्हणून असेल, मी ओढायचं सोडलं. दोरी धरून ठेवली, पण ढिली केली आणि तिच्याबरोबर गोल फिरत चालले. एक फेरी, दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला तिचं डोकं खाली आलं. मग आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. मला धाप लागली होती आणि तिच्या मानेची शीर उडत होती. तिला धरून ठेवायचा जो प्रश्न सगळे विचारत होते, त्याचं निम्मं उत्तर मला त्या जागी मिळालं. ओढल्यावर लगेच सोडायचंही असतं. सोडलं नाही तर तिला कळणारच नाही की आपण काय मागितलं.

चाचा आम्हाला बघून उठून उभे राहिले. त्यांनी घोडीच्या कपाळावरून हात फिरवला, कानाच्या मुळाशी बोटं घातली. मग ओठ उचलून आत पाहिलं. मी पिशवीतून लगाम काढून दिला.

"असली कडी म्या कधी शिवली न्हाई," ते म्हणाले. "बनवणारे बनवतेत, बांधणारे बांधतेत." मग त्यांनी विचारलं, "तुमाला काय पायजे?"

"तोंडात काही नको. बसून चालवता आलं पायजे. म्होरकी फिरून डोळ्यात जायला नको."

"बिना कडीची धरणार कशानं?"

"ती थांबायला तयार हाय, चाचा. थांब म्हणून सांगायचं कसं, तेवढं मला करून द्या."

त्यांनी घोडीला लिंबाखाली बांधायला लावलं आणि कामाला बसले. मी दिवसभर समोर बसून होते. आधी त्यांनी जाड चामडं काढलं, घोडीच्या गालाला लावून पाहिलं, परत ठेवलं. मग तेल पाजलेलं मऊ म्हशीचं कातडं घेतलं. नाकावरचा पट्टा चांगला चार बोटं रुंद कापला. "बारीक पट्टा सुरीवाणी कापतो," म्हणाले. त्याला आतून घोंगडीचा तुकडा लावून शिवला. गालाच्या हाडाची कड बोटानं चाचपून, तिच्याखाली दोन बोटं सोडून पट्ट्याची जागा ठरवली. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना एकेक कडं लावलं. लगामाच्या दोऱ्या त्या कड्यांना बांधायच्या होत्या. हनुवटीखालून दुसरा एक पट्टा घेतला, म्हणजे एका बाजूनं ओढलं तरी सगळं डोक्याभोवती फिरणार नाही.

कपाळपट्टी त्यांनी तीनदा मापली. "ही आखूड झाली की कानाच्या मुळाशी रुतती. मग घोडं डोकं झटकतं, आन् लोक म्हणतेत नखरा करायलंय."

मी मान खाली घातली.

गळ्याखालचा पट्टा बांधून त्यांनी मला आत मूठ घालायला लावली. मूठ बसली. नाकपट्टीखाली दोन बोटं घालायला लावली, तीही बसली. "रोज बांधताना हेच बगायचं. डोळ्यानं न्हाई, हातानं बगायचं."

शेवटी विचारलं, "झापडं लावू का? वरातीची घोडी हाय. बाजूचं दिसलं न्हाई तर बिचकायची न्हाई."

मी विचार केला. आमची पाणंद म्हणजे एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला काटेरी कुंपण आणि मधे खड्डे. पाय कुठं ठेवायचा हे मला दिसत नाही, तिलाच दिसतं. "नको," मी म्हणाले. "तिला बघू द्या."

जुन्या लगामाची पितळी बकलं चांगली होती, ती त्यांनी उसवून नव्या म्होरकीला लावली. काटेरी कडी छिन्नीनं तोडली आणि भंगाराच्या डब्यात टाकली. दिवस मावळायच्या आत मी घोडी घेऊन घरी पोचले.

दुसऱ्या दिवसापासून घरासमोरच्या मोकळ्या जागेत शिकवणी सुरू केली. आठ दिवस मी तिच्यावर बसलेच नाही. आधी नुसतं शेजारी चालायचं, थांबायचं. मग लांब दोऱ्या लावून तिच्या मागं, नांगरामागं चालतात तसं चालायचं. डावी दोरी जरा दाबली आणि तिचं नाक डावीकडं आलं की लगेच ढिली. थांबायचं असेल तर आधी तोंडानं "बस" म्हणायचं, मग दोऱ्या धरायच्या, आणि ती थांबली की त्याच क्षणी सोडायच्या. मालक ओट्यावर खाटेवर पाय लांब करून बघत असायचे.

"ओढ की. अगं, ओढ."

"तुमी गप बसा जरा."

"तशी न्हाई थांबणार ती."

ती थांबली. मालकांनी तोंड फिरवून पाणी मागितलं. पाचव्या-सहाव्या दिवशी मात्र ते माझ्याऐवजी तिलाच "बस, बस" म्हणायला लागले, आणि ती त्यांच्याही शब्दाला थांबायला लागली, तेव्हा मला त्यांना दटावावं लागलं की दोघांनी मिळून तिला गोंधळात पाडायचं नाही.

तोवर दूध मी पायीच आणत होते, दोन खेपा करून. नवव्या दिवशी पाठीवर पोतं टाकलं, दोन्ही बाजूंना गोणपाटाच्या झोळीत कॅन अडकवले आणि चढले. पहिल्या आठवड्यात एकदा पडले. ओढ्याच्या काठावर कुणीतरी टाकलेला पांढरा प्लास्टिकचा कागद वाऱ्यानं उडाला, ती बाजूला उडी मारून गेली आणि मी चिखलात. कॅनची झाकणं घट्ट होती. उठून बघते तर घोडी चार पावलांवर उभी, दोरी जमिनीवर लोंबत, माझ्याकडं बघत. कंबर दुखत होती. तरी मी चढले, कारण पायीच घरी नेलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्या जागेवर आम्ही दोघीही अडलो असतो. रस्त्यावर पोचले तेव्हा डेअरीची गाडी निघायच्या बेतात होती. ड्रायव्हरनं माझ्या चिखलानं भरलेल्या लुगड्याकडं पाहिलं आणि खाली उतरून कॅन उचलून घेतले.

असे दोन महिने गेले. डॉक्टर पुन्हा आले तेव्हा ओठाचे कोपरे भरले होते. जिभेवरचा चर मात्र तसाच राहणार होता. "आता साधी गुळगुळीत कडी घालायला हरकत नाही," ते म्हणाले. मला वडिलांचे कडी ऊन करणारे हात आठवले. साधी कडी वाईट नसते, हे मी त्याच हातांकडून शिकले होते. पण मला तिची गरज उरली नव्हती, आणि घोडीला तर मुळीच नव्हती. डॉक्टरांना मी तसं सांगितलं. त्यांनी म्होरकी उलटसुलट करून पाहिली आणि मोबाईलवर फोटो काढून घेतला.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई लागली. गावातले एक मोठे बागायतदार घरी आले. मुलाचं लग्न होतं, वरात गावातून काढायची होती. त्यांनी येताना नवा लगाम आणला होता, चंदेरी, मोरपिसं लावलेला. मी तो हातात घेतला आणि आधी कडी पाहिली. तेच काटे, नवे आणि टोकदार.

"हा लगाम घालून घोडी जाणार न्हाई," मी म्हणाले.

"वहिनी, नवरदेवाची घोडी बिना लगामाची? लोक हसतील."

"हसू द्या."

त्यांनी मालकांकडं पाहिलं. मालक कुबडी भिंतीला टेकवून बसले होते. म्हणाले, "घोडीचं मला काही कळत न्हाई. हिला विचारा."

शेवटी ठरलं ते असं. म्होरकी आमचीच, तिला वरून जरीच्या पट्ट्या आणि गोंडे मी स्वतः बांधणार. दोरी माझ्या हातात. घोडीच्या जवळपास फटाके नाहीत. बागायतदार हो म्हणाले. लग्नाच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता नवरदेव बसला आणि वरात निघाली. बँडला घोडी घाबरली नाही. कान फिरवत, माझ्या खांद्याला नाक लावत चालत होती. लोक माझ्याकडं बघत होते, मी पुढं बघत होते.

पारापाशी नवरदेवाच्या दोस्तांनी फटाक्यांची माळ सोडली आणि अगदी आमच्या पायांसमोर पेटवली.

घोडी पुढचे दोन्ही पाय उचलून उभी राहिली. नवरदेवानं तिच्या मानेला मिठी मारली, फेटा खाली पडला. मी दोरी ओढून धरली नाही. ती खाली येताच तिचं नाक माझ्याकडं वळवलं, ढिलं केलं, पुन्हा वळवलं, आणि तशीच गोल फिरवत बाजूच्या बोळात घुसले. मागं माळ तडतडत होती. "बस, बस," मी म्हणत होते, पण माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. बोळाच्या टोकाला एका बंद दारासमोर ती थांबली. तिचे पाय कापत होते.

नवरदेव खाली उतरून भिंतीला टेकला. कुणीतरी पाणी दिलं. बागायतदार धावत आले. "म्हणलं नव्हतं का म्या? लगाम असता तर हे झालं नसतं."

"लगाम असता तर तुमच्या माणसांनी तो ओढला असता," मी म्हणाले. "तोंडात काटे रुतले असते, ती आणखी वर गेली असती, आन् उलटी पडली असती. पोराच्या अंगावर."

ते पुढं काहीतरी बोलणार होते, पण नवरदेवानंच त्यांना थांबवलं. तो पाणी पिऊन तोंड पुसत म्हणाला, "काकू, मी परत बसू का?"

"बसा. पण आधी फटाके बंद करा."

तो तसाच उघड्या डोक्यानं पाराकडं चालत गेला. दोस्तांना काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. आला तेव्हा फटाके बंद झाले होते आणि त्यानं बँडही थांबवायला लावला होता. मी म्होरकी तपासली. नाकपट्टी जागेवर होती, गोंडा एक तुटला होता. त्याला बसवलं. मारुतीच्या देवळापर्यंतचा उरलेला रस्ता वरात वाजंत्रीशिवाय गेली. पायांचे आवाज, बायकांचं हळू बोलणं आणि घोडीच्या नालांचा आवाज. बागायतदारांनी त्यानंतर माझ्याकडं कधी घोडी मागितली नाही. मागितली असती तरी मी पुन्हा वरातीला दिली नसती. तेव्हाही द्यायला नको होती असं मला आता वाटतं. माझ्या म्होरकीवर मला भरवसा होता तो ठीक, पण तिला तिथं नेऊन तो पारखून बघायचं कारण नव्हतं.

माघात मालकांची कुबडी सुटली. उन्हाळाभर ते काठी घेऊन फिरले. यंदा पाऊस सुरू झाला आणि पाणंद बंद पडली तेव्हा एका सकाळी ते अंगणात येऊन म्हणाले, "आज मी जातो."

"आधी म्होरकी बांधून दाखवा."

त्यांनी खुंटीवरची म्होरकी काढली. डाव्या बाजूनं उभे राहिले, कानाला धक्का न लावता पट्टा मागं नेला. नाकपट्टी त्यांनी फार खाली बांधली. घोडीनं एकदाच मान हलवली. मी बोलणार तोवर त्यांनी स्वतःच बकल सोडलं, बोटानं हाड चाचपलं आणि दोन भोकं वर घेतलं. गळ्याखाली मूठ घालून पाहिली. मग ओट्याच्या पायरीवरून, दुखरा पाय सांभाळत, वर चढले.

मी दारात उभी राहून त्यांना वळणापर्यंत जाताना पाहिलं. त्यांचे हात अजून जड होते, दोरी ते गरजेपेक्षा जास्त धरत होते. साडेसातला परत आले. गुडघ्यापर्यंत चिखल, कॅन रिकामे, म्हणजे गाडी गाठली होती.

"थांबती गं," ते उतरताना म्हणाले. "बस म्हणायच्या आधीच थांबती."

"हात जड हाय तुमचा. उद्या दोरी जरा ढिली धरा."

"बरं," ते म्हणाले, आणि म्होरकी काढून घोंगडीची बाजू उन्हाकडं करून खुंटीला अडकवली.